किळसलस

मुख्याध्यापकांचा जबाब वाचून डॉ. अर्चना पिंपळकरांनी हातातला चहा बाजूला सारला. वर्ध्याच्या या गृहस्थांनी पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना कुठल्याशा बेटावरच्या सेनापतीच्या विधवेचा ईमेल आला. बाईंकडे हिऱ्यांची पेटी होती आणि ती सांभाळायला एक सज्जन, देवभीरू भारतीय हवा होता. एवढ्या मोठ्या देशातून नेमके आपणच कसे निवडले गेलो, हा प्रश्न गणिताच्या या शिक्षकाला पडलाच नाही. त्यांनी राहतं घर विकलं. पोलिसांनी फसवणूक समजावून सांगितली, तर म्हणाले, "पण बाई एकट्या आहेत हो. त्यांना आता कोण?"

"शी!" अर्चनाबाई म्हणाल्या. "चोरांची येत नाही एवढी मला या लोकांची किळस येते, नासिर. लाळ गाळत जातात अक्षरशः."

नागपूरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत असे चार हजार जबाब साठले होते आणि बाईंनी ते सगळे वाचले होते. मेंदूतज्ज्ञ डॉ. नासिर देशमुख समोर बसून कपाळपट्ट्याच्या तारा तपासत होते.

"किळस आहे म्हणून तर आपली लस आहे, मॅडम," ते म्हणाले. "माणूस उपदेश विसरतो, नुकसानही विसरतो. पण शिळ्या बासुंदीने एकदा पोट बिघडलं, की पुढे ताजी बासुंदी पाहूनही मळमळतं. ताजी आहे हे ठाऊक असलं तरी. मेंदूतलं ते केंद्र अकलेला विचारत नाही."

किळसलसीची कल्पना एवढीच होती. माणसाने कपाळपट्टा बांधून बसायचं. आशाशोधक नावाचं यंत्र त्याची सारी टपालपेटी चाळून, ज्याने त्याचं काळीज सर्वांत जास्त उचंबळेल असं पत्र पडद्यावर आणणार; पेटीत तसं नसेल, तर स्वतःच लिहिणार. आशा शिगेला पोहोचली, की पट्टा किळसकेंद्र चेतवणार. एकदाच. त्यानंतर तशा पत्राच्या नुसत्या वासानेही माणूस दूर पळेल.

"आणि उतारा?" नासिरनी विचारलं. "तो अजून नाही आपल्याकडे. निदान दहा वर्षं तरी परिणाम जाणार नाही."

"जायला कशाला हवा? पहिली लस मीच घेणार. माझ्यासाठी यंत्र काय आणणार, पुरस्कार मिळाल्याचं पत्र? हसू येईल मला."

अर्चनाबाईंच्या या रागाचं मूळ त्यांच्या घरातच होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी सानिका अशाच एका ईमेलला भुलली होती. परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती, वर सोनेरी शिक्का. वडिलांनी मागे ठेवलेलं सगळं तिने आईच्या नकळत त्या शिक्क्यावर ओवाळून टाकलं. बाई सगळ्या नातेवाइकांसमोर तिला म्हणाल्या, "तुझं तोंड पाहिलं तरी किळस येते मला." चौथ्या दिवशी सानिका घर सोडून गेली. नंतर तिच्या नावाने तीन ईमेल आले, विमानतळावर अडकले आहे, आई, मदत कर. तिन्ही भामट्यांचे. तेव्हापासून सानिकाच्या नावाचं काहीही आलं, तरी ते परस्पर संशयित कप्प्यात जाईल अशी सोय बाईंनी करून ठेवली होती. तो कप्पा त्या कधी उघडत नसत.

बुधवारी सकाळी त्या पट्टा बांधून बसल्या. पडदा उजळला.

"आई, मी सानिका. पत्ता नवा आहे, म्हणून ओळखणार नाहीस. मी आता कोचीला असते, फसलेल्या लोकांना कागदपत्रं करून देते. मुख्याध्यापक असोत की कोणी, सगळे एकच म्हणतात, घरी कसं सांगू? मग मला आपलं घर आठवतं. तू बोललीस त्याचा राग गेलाय. रविवारी अकराला येते. दार उघडशील ना?"

बाईंचं काळीज उचंबळलं. यंत्राने हे लिहिलंय हे पक्कं ठाऊक असूनही डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी पट्टा सुरू झाला. पोटातून सगळं वर आलं. नासिरनी बादली पुढे केली.

"हलकट यंत्र!" तोंड पुसत त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीचा आवाजसुद्धा चोरला मेल्याने. पण लस लागली. आता असल्या पत्राला मी कधी भुलणार नाही."

नासिर नोंदी पाहत होते.

"मॅडम, यंत्राने पत्र लिहिलंच नाही."

"म्हणजे?"

"सर्वांत जास्त आशा जागवणारं पत्र पडद्यावर आण, अशी तुमची आज्ञा होती. पेटीत तसं नसेल तरच लिही. तुमच्या पेटीत होतं. संशयित कप्प्यात, दोन दिवसांपासून. मी पत्ता तपासला. कोचीची संस्था खरी आहे. पत्र खरं आहे."

रविवारपर्यंत बाईंनी ते पत्र नऊ वेळा उघडलं. नऊही वेळा मोरीकडे धावल्या. पत्र आणि माणूस यांत फरक असेल, या एका आशेवर त्यांनी रविवारी सकाळी काही खाल्लं नाही, तोंडात लवंग धरली आणि त्या अकराच्या आधीच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

बेल वाजली. दारात सानिका होती. कानशिलाशी थोडे पांढरे केस, हातात संत्रा बर्फीचा खोका, आणि तेच जुनं, एका गालावर उमटणारं हसू.

"आई, मी..."

तेवढ्यानेच पोट ढवळून निघालं. बाईंनी तोंडावर हात दाबला आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. सानिकाचं हसू गेलं. आईचा हा चेहरा तिने अकरा वर्षांपूर्वी पाहिला होता.

"हे मी नाही गं!" बाई बोटांआडून कशाबशा म्हणाल्या. "मी लस घेतलीय. यंत्राने तुझं पत्र... माझ्या मेंदूत... मला खरंच तू हवी आहेस. विश्वास ठेव माझ्यावर!"

सानिकाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. रोज फसलेल्यांची गाऱ्हाणी ऐकणारी बाई होती ती.

"आई, अकरा वर्षांपूर्वी तू हे सांगितलं असतंस ना, तर मी ठेवला असता विश्वास," ती म्हणाली. "आता नाही ठेवत मी असल्या गोष्टींवर. तूच शिकवलंस."

खोका तिने चपलांच्या कपाटावर ठेवला आणि ती जिना उतरू लागली. बाई कठड्याशी धावल्या. हाक मारायला त्यांनी मुलीचं नाव ओठांवर आणलं, आणि त्या नावासरशीच त्यांना ओकारी आली.