आधी ऊठ म्हणायचं असतं

मी वेताच्या खुर्च्या विणतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. कुणाकडे शिकलो नाही, फोनवर व्हिडिओ बघून बघून हात बसला. विणायचं कसं ते व्हिडिओत होतं. कापायचं कसं ते गिऱ्हाइकांनी सांगितलं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या खुर्चीची बैठक कापतात. आधी घरातलं मोठं माणूस रिकाम्या खुर्चीला म्हणतं, "ऊठ." मग कात्री. नाही कापली तर गेलेला येऊन बसतो म्हणे, आणि बैठक गरम लागते. जिवंत माणूस कितीही लांब असू दे, त्याची खुर्ची गारच राहते.

मला हे कधी पटलं नाही. पण धंदा आहे, गप्प कापायचो.

दादा बोगद्याच्या कामावर होता. बोगदा ढासळला. बाकीचे सापडले, दादा नाही. आई म्हणायची, सापडला नाही म्हणजे आहे कुठेतरी.

मग एका सकाळी वहिनीनं त्याची खुर्ची दुकानात आणून ठेवली.

"भाऊजी, हात लावून बघा."

"उन्हात होती का?"

"खोलीत. खिडकी बंद." ती कसंनुसं हसली. "होते तेव्हा कधी बूड टेकलं नाही. आता उठायचं नाव नाही."

मी हात लावला. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब. वेत अशी ऊब धरत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून ओलं फडकं पिळून बैठकीवर पसरलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर कडा ओल्या, मधला भाग कोरडा.

बैठक खाली दबलेली होती. मी बघत असतानाच वेत करकरला. बसलेला माणूस जरा सरकतो ना, तसा.

आई आतून आली. हात लावला आणि तिचा चेहराच उजळला.

"आला."

"आई, गरम म्हणजे काय ते तुला माहितीये."

"मला शिकवू नकोस. आलाय ना?"

"त्यांना ऊठ म्हणा हो," वहिनी म्हणाली. "मला त्या खोलीत राहवत नाही."

आई शेजारी एक खुर्ची ओढून बसली ती दुपारभर बसली. दादाच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून. मी कात्री घेऊन समोर उभा राहिलो तेव्हा ती वाकली.

"बस बाळा. माझ्याजवळ बस."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, शब्दानं काय होतंय.

मी कापलं.

वेत तटातट तुटले. चौकटीतून फरशी दिसली. ऊब गेली.

आई रडली नाही. दोन्ही हात टेकून उठली, जड, दिवस भरलेली बाई उठते तशी.

"चहा टाकते," म्हणाली, आणि आत गेली.

मी तिची खुर्ची बाजूला सारायला गेलो. हात बैठकीला लागला आणि तिथेच राहिला.

"गरम आहे ना?" वहिनीनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "दादाची होती तशीच."

आत आई काडी ओढत होती. एक विझली. वारा नव्हता, तरी दुसरीही विझली. ती ओढतच होती.