डोंगराची मुकादम

रांजणवाडीच्या वरचा डोंगर आता स्वतःची नाडी स्वतःच पाहत असे. उतारावर हरभऱ्याएवढे हजारो ‘दाणे’ पुरले होते. माती सरकायच्या बेतात असली की त्यांना कळे, वाडीत भोंगा वाजे आणि माणसं वेळेत बाहेर पडत.

दाण्याची बॅटरी मात्र चिमूटभर, आणि बोलण्यात ती भराभर संपते. म्हणून शेजारचे दाणे कंपू करून आपल्यातला एक मुकादम निवडत. तो जागा राही, बाकीचे झोपत. निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: अंगात शक्ती किती उरली आणि आजवर सांगितलेलं खरं किती निघालं. या दुसऱ्या हिशेबाला हे दाणे बनवणारी डॉ. वैदेही कानिटकर ‘पत’ म्हणे. निवडणुकीत असलं काही बघतात, याचंच वाडीला नवल वाटे.

यंदा वैदेहीच्या लक्षात आलं, की माती मोजायचं सगळ्याच दाण्यांनी सोडून दिलंय. एक कान उघडा ठेवून सगळे पेंगत होते. भोंगा मात्र एकदाही चुकला नव्हता. मग मुकादम कोण? शोधत शोधत ती हौसाबाई झोऱ्यांच्या दारात पोचली. हौसाबाई रोज त्या उतारावर शेळ्या चारत, आणि उद्याच गुडघा बदलून घ्यायला मुलीकडे निघाल्या होत्या.

“न इचारता मुकादम केलं व्हय मला?” हौसाबाई हसल्या. “आन् मी सांगते काय त्यास्नी?”

“तुमची पावलं ऐकतात ते, मावशी. जिथून तुम्ही मागे फिरलात, तिथेच पुढे दरड आली.”

“अगं, भुसभुशीत मातीत पाय पडला की गुडघ्यातनं कळ येती. म्हनून फिरते मागं!”

वैदेही थक्क होऊन उताराकडे पाहत राहिली. यंत्र कोण आणि माणूस कोण, हे दाण्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जिचं सांगणं खरं निघतं आणि जिला बॅटरी लागत नाही, तिच्यावर त्यांनी अख्खा डोंगर सोपवला होता.

“आन् नवा गुडघा बसल्यावर?”

“तुम्ही कुठेही पाय टाकाल, आणि ते निर्धास्त झोपतील.”

“मग उठीव की त्यास्नी. तुझीच पोरं न्हवं?”

“सगळ्यांना जागं ठेवलं तर बॅटऱ्या श्रावणाआधीच संपतील. आणि तुमची पत पुसली, तर दुसऱ्या कुणाची जमायला तीन पावसाळे जातील.” वैदेहीने मान खाली घातली. “ऑपरेशन करू नका, असं मी म्हणत नाही.”

“कर असंबी म्हनत न्हाईस.”

सकाळी एसटीपाशी अर्धी वाडी जमली. जाऊ नका, असं कुणीच म्हणालं नाही. सरपंचांनी फक्त अदबीने विचारलं, “मावशी, गुडघा दुखतोय न्हवं अजून?”

हौसाबाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

“दुखतोय,” त्या म्हणाल्या.

आणि सगळ्या वाडीचा जीव भांड्यात पडला.