बारा बंदिशींची वही

"माझी वही चोरीला गेलीय, आणि चोर मलाच ठरवलंय," मुलगी म्हणाली. समोर खुर्ची होती, पण बसायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

हरेश्वर तांडेलांचं चौकशीचं ऑफिस अंधेरीत, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी, एका टायपिंग क्लासच्या माडीवर होतं. खालची खटखट दिवसभर वर येई. काशीराम परबला ती आवडायची. पंचवीस वर्षं त्यानं मागांच्या खडखडाटात काढली होती. संपात गिरणी सुटली आणि तो तांडेलांकडे लागला. पण शांतता पसरली की काहीतरी बिघडलंय, असंच त्याला अजून वाटे.

"बस गो आधी," तो म्हणाला.

क्षमा केणी मुलुंडची. विद्यापीठात संगीताच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी स्वतः रचलेल्या बारा बंदिशी द्यायच्या होत्या. तिची वही डिसेंबरात विभागाच्या कपाटातून नाहीशी झाली. तिनं सगळं आठवून पुन्हा लिहिलं आणि मार्चमध्ये दिलं. तेव्हा कळलं, की त्याच बारा बंदिशी तिच्या प्राध्यापिका सुनंदा टिपणीस यांनी जानेवारीतच स्वतःच्या पुस्तकासाठी छापखान्याकडे पाठवल्या होत्या.

"बाई म्हणतात, त्यांनी वर्गात गायल्या, मी उतरवून घेतल्या. शनिवारी विभागप्रमुखांपुढे सुनावणी आहे. दोषी ठरले तर पदवी नाही, आणि जूनपासून शाळेत लागायचंय तेही गेलं." तिनं ओठ घट्ट मिटले. "बाबा सात वर्षं सगळ्यांना सांगतायत, माझी मुलगी गाण्यात एम.ए. होणार म्हणून."

तांडेल फक्त "हं" म्हणाले. गाण्याच्या बाबतीत हा माणूस पक्का औरंगजेब. कुणी गायला लागलं की ते खिडकी लावून घेत.

पहिला गाठला तो चंद्रप्रकाश, तिचा वर्गमित्र. सुवर्णपदकाच्या शर्यतीत दोघंच होते. विभागाच्या जिन्यात तो घड्याळ बघत उभा होता.

"कपाटाची एक चावी माझ्याकडे, दुसरी बाईंकडे. मी वही नाही घेतली, साहेब."

"बाईंनी या बंदिशी वर्गात गायल्या होत्या का?" तांडेलांनी विचारलं.

त्याची नजर जमिनीवर गेली. "गायल्या असतील. आठवत नाही."

"डिसेंबरात तू रोज हजर होतास?"

"हजेरीपट बघा ना!" तो फटकन म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पसार झाला.

"ह्योच तो," काशीराम कुजबुजला. "बघितलंस, कसो घाम फुटलो!"

"घाम फुटलाय खरा," तांडेल म्हणाले. "पण कशाचा?"

सुनंदाबाईंच्या खोलीत मात्र काशीरामची खात्री डळमळली. पन्नाशीच्या, शांत बाई. कोपऱ्यात तानपुरा. त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

"क्षमा मला लेकीसारखी होती हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर कापला. "पण म्हणून माझ्या बंदिशी तिला कशा देऊ?"

"रचता कशावर? पेटीवर?" तांडेलांनी विचारलं.

"छे! पेटीला मी वीस वर्षांत हात लावलेला नाही. फक्त तानपुरा." त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "या बंदिशींचं मर्म तिला सांगता तरी येईल का, विचारा. वरच्या सा-वर पोचलं की सगळे पुढचा रे घेतात. मी तो टाळून थेट ग-वर झेप घेते. बाराही बंदिशींत. त्यामागचं शास्त्र मी प्रस्तावनेत मांडलंय, चांगलं वीस पानी."

तांडेलांनी त्यांचं जुनं छापील पुस्तक आणि नव्याच्या हस्तलिखिताची प्रत मागून घेतली. बाईंनी आनंदानं दिली.

बाहेर येताना काशीरामच्या मनात नको तो किडा वळवळायला लागला. एवढी शिकलेली बाई खोटं का बोलेल? पोरगीच तर नसेल बनवत?

तो किडा घेऊनच तो तांडेलांबरोबर मुलुंडला गेला. चाळीतली एकच खोली. वडील वॉचमनच्या ड्युटीवर होते. कोपऱ्यात पेटी होती, आणि भजनी मंडळात वाढलेल्या काशीरामला राहवलं नाही. त्यानं भाता उघडला आणि झोकात सुरुवात केली. मध्येच एका पट्टीखालून नुसतीच हवा आली.

"गो, माझो ध खंय गेलो?"

क्षमा पहिल्यांदाच हसली. "तुम्ही काळी एकला सा धरून वाजवताय, म्हणून तुमचा ध गेला. ती मधल्या सप्तकातली काळी पाच. संप सुरू झाला त्या वर्षी मुकी झाली, मग बाबांचीही गिरणी सुटली आणि दुरुस्त करायचं राहूनच गेलं. मी खालच्या काळी चारला सा धरून गाते. आता सवय झालीय."

"बंदिशी याच पेटीवर केल्यास?" तांडेलांनी विचारलं.

"दुसरी कुठली आहे, काका?"

दुसऱ्या दिवशी तांडेल दोन्ही पुस्तकं आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. त्यांनी पानापानावर खुणा केल्या, आकडे मांडले.

"काशीराम, स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे?"

"वरच्या सप्तकातलो स्वर."

"आणि खालच्या काळी चारला सा धरला, तर वरचा रे कुठे येतो?"

"मधली काळी पाच. त्यात काय विचारायचा?"

तांडेलांनी पेन्सिल खाली ठेवली. "शनिवारी ती पेटी विभागात आणायची. तू वाजवायचीस."

"माका कायच कळाक नाय," काशीराम म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

शनिवारी विभागप्रमुख रामचंद्र वाड टेबलामागे बसले. एका बाजूला सुनंदाबाई, दुसऱ्या बाजूला क्षमा, दाराशी चंद्रप्रकाश.

"याच्यापासून सुरुवात करू," तांडेल म्हणाले. "हा डिसेंबरभर वर्गात नव्हता. हजेरी लावून स्टुडिओत रेकॉर्डिंगला वाजवायला जायचा; स्टुडिओच्या नोंदीत तारखा सापडल्या. म्हणून बाई वर्गात काय गायल्या ते याला सांगता येत नाही. खरं ना?"

"घरी कळलं तर वाट लागेल, साहेब," चंद्रप्रकाश पुटपुटला. "पण वही मी नाही घेतली."

"नाहीच घेतलीस. चावी दोघांकडे होती, पण वहीतल्या बंदिशी एकाच ठिकाणी उगवल्या." तांडेल बाईंकडे वळले. "मला गाण्यातलं काही कळत नाही. मला मोजता येतं. तुमच्या जुन्या पुस्तकात वरचा रे दोनशे बारा वेळा आलाय. नव्या बारा बंदिशींत एकदाही नाही. खालचा रे मात्र पानोपानी आहे."

"तीच तर माझी शैली!"

"बाराही रागांत तो रे चालतो, तरी?"

"चालतो, म्हणूनच टाळला. मी सांगितलं ना तुम्हाला."

"काशीराम, खालच्या काळी चारला सा धर आणि चढत जा."

काशीराम चढत गेला. सा, रे, ग... वरचा सा खणखणीत वाजला. पुढच्या काळ्या पट्टीवर बोट पडलं आणि फस्स करून हवा गेली. त्याच्या पुढचा ग पुन्हा स्वच्छ बोलला. काशीराम त्या पट्टीकडे बघतच राहिला. त्याला आत्ता उमगलं, आणि क्षमाबद्दल आलेल्या संशयाची लाजही वाटली.

"ही क्षमाची पेटी," तांडेल म्हणाले. "चार वर्षं हा एक स्वर मुका आहे. बोट अडायचं, म्हणून तिच्या चाली सा-वरून ग-वर जायला लागल्या. तिला कळलंही नसेल."

क्षमानं सावकाश मान हलवली. कळलं नव्हतं.

"हिनंच माझ्या बंदिशी त्या पेटीवर बसवल्या असतील!" बाई म्हणाल्या.

"मग वरच्या रेचा हा खळगा फक्त हिच्या वहीत असता. तुमच्या हस्तलिखितात नसता. तानपुऱ्यावर गाणाऱ्या गळ्याला वरचा रे मुका नसतो, बाई. ज्याला तुम्ही वीस पानं शास्त्र म्हणून लिहिलंत, ती गिरणी कामगाराच्या घरातली मोडकी पट्टी आहे."

बाईंनी चष्मा काढला.

"अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एक ओळ सुचली नाही. रोज तानपुरा लावायचा आणि उठायचं. वही उघडली, आणि वाटलं, हे मला सुचायला हवं होतं." मग त्यांनी क्षमाकडे पाहिलं. "झेप मात्र खरंच सुंदर आहे गं."

वाडांनी क्षमाच्या वहीवर सही केली. बाईंचा राजीनामा सोमवारी आला.

पुढच्या रविवारी काशीरामनं मुलुंडला जाऊन पेटीत नवा स्वर बसवला. त्यानं भाता ओढला आणि क्षमानं मधली काळी पाच दाबली. वरचा रे स्पष्ट, गोड निघाला. मागे स्टोव्हवर चहा टाकणारे तिचे बाबा हातात गाळणी घेऊन जवळ आले.

क्षमानं बोट उचललंच नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"हा स्वर कसा लावायचा, ते मला बाईंनीच शिकवलं होतं, काका," ती म्हणाली.

काशीराम भाता ओढत राहिला, तिचा स्वर तुटू नये म्हणून.