कृपया भिंतीतून येऊ नये

तो पहिल्यांदा आमच्या घरात आला, तो थेट स्वयंपाकघराच्या भिंतीतून.

बाबांनी शिट्टी फुंकली.

तो जागच्या जागी थिजला. एक पाय आमच्या ओट्यावर, दुसरा घराबाहेर, हातात टेप आणि काखेत दोरीचं बंडल.

"दार तिकडे आहे," मी म्हणाले.

त्यानं खाली पाहिलं. खाली चुन्याची पांढरी रेघ होती. वर पाहिलं. वर आभाळ होतं. मधे काहीही नव्हतं. तरीही तो मुकाट्यानं मागे सरकला, सगळ्या प्लॉटला वळसा घालून पुढच्या बाजूला गेला, रेघेत जिथे मोकळी जागा सोडली होती तिथे उभा राहिला आणि हवेवर टकटक केलं.

"या," आई म्हणाली. "चपला बाहेर काढा."

त्यानं मातीत चपला काढल्या आणि मातीतच आत आला. मला तो तिथेच थोडासा आवडला. फार नाही. एका खिडकीएवढा.

आता हे घर काय प्रकार आहे ते सांगते. दोन वर्षं भांडून आमच्या घरच्यांनी एकदाचा नकाशा पसंत केला होता. त्यानंतरची कामं बाबांनी रांगेत उरकली. नकाशा पास करून आणला, माती तपासून घेतली, ठेकेदार ठरवला. राहिली फक्त आखणी, म्हणजे नकाशातलं घर चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर काढायचं, की लगेच खोदाई. आखणीला आर्किटेक्टच्या ऑफिसातून माणूस येणार होता. पण बाबा निवृत्त पी.टी. मास्तर आणि हयातभराचे फुटबॉल पंच. घरात फक्कीची गाडी आहे आणि आपण दुसऱ्याची वाट बघायची, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी एका सकाळी आख्खं घर स्वतःच आखून टाकलं. सवयीनं प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत कॉर्नर किकची छोटी कमानसुद्धा काढली.

आणि मग आम्ही त्यात राहायला लागलो. आमचं भाड्याचं घर प्लॉटच्या समोरच. रोज संध्याकाळी खुर्च्या घेऊन रस्ता ओलांडायचा, दारातून आत शिरायचं आणि आपापल्या खोलीत बसायचं. घराची सवय झाली पाहिजे, हे बाबांचं म्हणणं. वहिनी ओट्यापाशी उभी राहून 'इथे मला ऊन लागतंय' अशी तक्रार करायची. दादा त्याच्या बेडरूममध्ये चटईवर झोपायचा आणि रस्त्यावरून जाणारे लोक त्याच्याकडे बघायचे, तर म्हणायचा, "बाबा, पडदे कधी लावणार?"

भिंत ओलांडली की शिट्टी.

"सर," ऑफिसातून आलेल्या त्या टेपवाल्यानं घर फिरून पाहिलं आणि घसा साफ केला. "आखणी फार सुंदर आहे. सगळं गुण्यात आहे, कोपरे अगदी काटकोनात. फक्त... भिंतींना जाडी असते."

"म्हणजे?"

"तुमच्या भिंती रेघेएवढ्या आहेत. खऱ्या भिंती उभ्या राहिल्या की खोल्या कमी होणार. रेघ नेमकी खोलीत धरायची की बाहेर?"

"रेघ मैदानातच धरतात," बाबा म्हणाले.

"घरात नाही धरत, सर."

बाबांनी शिट्टीकडे पाहिलं. मग फक्कीची गाडी त्याच्याकडे ढकलली.

मग त्यानं सगळं नव्यानं आखायला घेतलं. खुंट्या, दोरी, फक्की. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. दादा लगेच झोपला. मी धरलं.

"ही खोली कुणाची?"

"आईबाबांची."

"ही?"

"दादा-वहिनीची."

"आणि ही... पाहुण्यांची, असं नकाशात लिहिलंय." तो थांबला. टेप आमच्या दोघांच्या मधे ताणून उभा. "मग तुम्ही कुठे राहता?"

दोन वर्षांत ओट्याचा रंग, नळाची उंची, चपलांचं कपाट कुठल्या कोपऱ्यात, यावर आमच्याकडे रणकंदनं झाली होती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा.

"मी पाहुण्यांत मोडते," मी म्हणाले. "लवकरच लग्न होऊन जाणार, असा सगळ्यांचा अंदाज आहे."

"ठरलंय?"

"छे. अंदाजच आहे. हवामानखात्यासारखा."

तो हसला नाही. टेपकडे बघत म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा ना."

"काय?"

"काहीही. मगाशी 'दार तिकडे आहे' म्हणालात तेव्हापासून विचार करतोय. तुम्ही... लिफ्टमध्ये असता का?"

आता यावर चांगल्या घरच्या मुलीनं टेप सोडून द्यायला हवा होता. पण मी खरंच लिफ्टमध्ये असते. लिफ्टसाठी, फोनच्या रांगेसाठी, दुकानांतल्या सूचनांसाठी आवाज देणं हे माझं काम. 'आपण दुसऱ्या मजल्यावर आहात' म्हणते ती मी. 'कृपया प्रतीक्षा करा' ही पण मीच, त्याबद्दल लोकांनी मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील याचा हिशोब मी ठेवत नाही. हे सगळं मी रेकॉर्ड करते कपड्यांच्या कपाटात बसून. दार लावून, डोक्यावर गोधडी घेऊन. बाकी घरात कुकर, टीव्ही आणि बाबा असतात. दादा मला 'कपाटराणी' म्हणतो.

"आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये तुम्ही आहात," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "रोज मला सांगता, 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा.'"

"आणि राहता?"

"एकदाही चुकलो नाही."

"कितवा मजला?"

"दुसरा."

"दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्ट?"

"डॉक्टरांनी जिना वापरा म्हणून सांगितलंय." त्यानं खुंटी ठोकली. "पण जिना बोलत नाही."

टेप माझ्या हातातून सुटला आणि सळ्ळकन त्याच्याकडे गेला. भौतिकशास्त्र. माझा दोष नाही.

संध्याकाळी आखणी संपली, तो गेला. खोदाईला अजून आठवडा होता. आता त्याचं आमच्याकडे काही काम नव्हतं, आणि हे मला का खटकतंय याचा मी कपाटात बसून विचार केला. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग शेऱ्यासकट परत आलं. 'बाई, सूचना सुस्कारा न टाकता द्यावी.'

पण देव दयाळू. दुसऱ्याच दिवशी पावसाची एक आडमुठी सर आली आणि घर धुऊन घेऊन गेली. मी ताबडतोब त्याला फोन लावला.

"आमचं घर वाहून गेलं."

"अरे बापरे! कुणाला लागलं का?"

"दादाची झोपमोड झाली."

तो आला. दारातून आला. पुन्हा फक्की मारली, पुन्हा मी टेप धरला. या वेळी टेप छोटा होता, त्यामुळे टोकं धरणारी माणसं जवळ-जवळ यायची. ओल्या मातीचा वास, त्याच्या बाहीवर पांढरी भुकटी... आणि माझ्या गालावरही लागली होती म्हणे, कारण तो तिकडे बोट दाखवून, "इथे... चुना..." म्हणाला आणि पुढचं वाक्य विसरला. मी गाल पुसला. दुसराच.

दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"आता काय?"

"एक भिंत गेली."

तो येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सगळं घर कोरडं ठणठणीत. फक्त पाहुण्यांच्या खोलीची एक भिंत चिखलात.

"तुमच्याकडे पाऊस," तो गंभीरपणे म्हणाला, "फक्त पाहुण्यांच्या खोलीवर पडतो का?"

"स्थानिक सर."

"तिकडे पाण्याची नळी पडलीये."

"तिला सर्दी झाली असेल. गळतेय."

त्यानं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. खोलीच्या मधोमध बसला, आणि मीही बसले. भिंत नव्हतीच, त्यामुळे कुणी शिट्टी मारायचा प्रश्न नव्हता.

"सोमवारी खोदाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तोवर ही सगळी फक्की आहे. पायानं पुसता येते. एकदा पाया घातला की मग कुदळीनं सुद्धा... तुम्ही सरांना सांगत का नाही?"

"बाबांनी आयुष्यात एकही निर्णय बदललेला नाही. एकदा बॉल गावाबाहेरच्या विहिरीत गेला तरी त्यांनी दिलेला गोल मागे घेतला नाही. देऊन झालेला, म्हणून."

"पण तुम्ही अपील केलंय कधी?"

"आवाज फुटत नाही त्यांच्यासमोर."

"तुमचा?" तो इतका थक्क झाला की मलाच हसू आलं. "तुमचं ऐकून आख्खी बिल्डिंग दरवाजापासून दूर उभी राहते!"

रविवारी संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. टेपवालाही होता, शेवटची मापं तपासायला. कोपऱ्यात दोरी गुंडाळत उभा.

"उद्या खोदाई," बाबा म्हणाले. "कुणाला काही बोलायचंय?"

हे ते सामन्याआधी म्हणायचे त्या सुरात म्हणाले, म्हणजे कुणी बोलू नये असा सूर. दादानं पलंगाजवळ चार्जरचा पॉइंट मागितला. मिळाला. वहिनीनं खिडकी मागितली. ती आधीच होती.

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. कोपऱ्यातली दोरी गुंडाळायची थांबली होती. मी डोळे मिटले, कपाट आठवलं, गोधडी, नॅप्थलीनचा वास... आणि आवाज आला. लिफ्टचा.

"कृपया लक्ष द्या. या घरात एका व्यक्तीची सोय झालेली नाही. ती व्यक्ती मी आहे."

शेजारच्या बाल्कनीतून कुणीतरी 'लिफ्ट कधी बसवली?' असं विचारल्याचं मला ऐकू आलं.

"अगं पण तुझं लग्न..." दादा म्हणाला आणि वहिनीच्या कोपरानं गप्प झाला.

"लग्न व्हायचं तेव्हा होईल," मी म्हणाले, आता माझ्या साध्या आवाजात, जरा कापऱ्या. "झालं तरी मला यायला एक खोली असू दे, न झालं तर राहायला. आणि मला काम करायला चार भिंती हव्यात, बाबा. अजून किती वर्षं कपाटात बसू?"

"कपाटात?" बाबा म्हणाले.

"कपाटात बसून रेकॉर्ड करते ना मी."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

"मला वाटायचं," बाबा सावकाश म्हणाले, "हिला कपडे निवडायला वेळ लागतो."

ते उठले. पाहुण्यांच्या खोलीकडे निघाले, दारातून आत शिरले, गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि मूठभर फक्की घेऊन खोलीच्या कोपऱ्यात एक छोटी कमान काढली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग उरलेल्या दोन्ही. नव्या आखणीत या कमानी टेपवाल्यानं काढून टाकल्या होत्या. आता आख्ख्या घरात फक्त माझ्या खोलीला होत्या.

"ही खोली हिची," बाबा म्हणाले. "दार जाड लावा. कुकर आत जाता कामा नये."

"अहो, आणि तुमची ताई आली तर?" आईनं विचारलं.

"हॉलमध्ये झोपेल. तिचं घोरणं तसंही हॉलच्याच मापाचं आहे."

मग ते नाक शिंकरत लांब गेले. फक्की नाकात गेली म्हणाले.

मी माझ्या खोलीत उभी राहिले. नुसतीच. भिंती नव्हत्या, छत नव्हतं, पण एवढं बंदिस्त आणि सुखाचं मला त्या कपाटातसुद्धा कधी वाटलं नव्हतं. बाहेर, रेघेपलीकडे, तो टेप पिशवीत भरत होता. त्याचं काम संपलं होतं. उद्यापासून ठेकेदार, जेसीबी आणि धूळ.

त्यानं पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेला. थांबला. वळला. आणि तरातरा सरळ माझ्याकडे यायला लागला, नाकासमोर, भिंतीच्या दिशेनं.

बाबांची शिट्टी तोंडाशी गेली.

त्याचा पाय रेघेवर अधांतरी थांबला. त्यानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाय मागे घेतला, पूर्ण घराला वळसा घालून पुढच्या दाराशी गेला, चपला काढल्या, हॉलमधून आला, आईला नमस्कार केला, दादाच्या चटईला वळसा घातला, पॅसेजमधून माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. धाप लागली होती. एवढं मोठं घर नाही आमचं.

त्यानं हवेवर टकटक केलं.

"कोण?" मी म्हणाले.

"मी."

"पाहुण्यांची खोली रद्द झालीये."

"माहितीये. मी पाहुणा म्हणून नाही आलो." त्याच्या भुवईवर फक्की होती. आवाज अगदी बारीक. "मला उद्यापासून इथे काही काम नाही. तरी यायचंय. रोज. नळी गळली नाही तरी. मला... तू आवडतेस. लिफ्टमधली आवडायचीच, पण ती फक्त मजले सांगते. तू उलट बोलतेस."

आई ओट्यापाशी एकदम कामात गुंतली. ओट्यावर काहीही नव्हतं. दादा झोपेतून, म्हणजे झोपेच्या सोंगातून, एक डोळा उघडून बघत होता.

साध्या आवाजात हे जमणार नव्हतं. मी एक पाऊल पुढे आले, फक्त रेघेएवढं अंतर ठेवलं, आणि माझ्या उत्तम, शांत, आख्ख्या बिल्डिंगला शिस्त लावणाऱ्या आवाजात म्हणाले,

"दरवाजा उघडत आहे."

तो आत आला.

मागे बाबांनी शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली.

"दारातून आला," ते आईला म्हणाले. "खेळ चालू."