तिसरी भेट तपासणीची नव्हती

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्यानं चढत होती. आणि तिच्यापुढे चार पायऱ्यांवर एक व्हीलचेअर चालली होती. म्हणजे उलटी, कुणाच्या तरी डोक्यावर. खाली दोन लांब पाय दिसत होते, आणि वर एक चाक आपल्याच नादात फिरत होतं... अगदी तिच्या नाकासमोर.

"जरा बाजूला होता का? मला उशीर होतोय," ती म्हणाली.

"होतो की. पण मग खुर्ची तुमच्या अंगावर येईल," खुर्चीखालून आवाज आला. "चालणार असेल तर सांगा."

तिला हसू आलं. उशीर होत असताना तिला सहसा हसू येत नसे. तिनं बॅग खांद्यावर सरकवली आणि खुर्चीचं खाली लोंबणारं टोक हातानं उचलून धरलं.

"आता हलकं वाटतंय," तो म्हणाला. "ही साथ कितव्या मजल्यापर्यंत?"

"चौथ्या."

"मग नशीब जोरावर आहे. नाहीतर सकाळपासून नुसती धाकधूक. आज आमच्याकडे एक परीक्षक बाई यायच्यात. फार कडक आहेत म्हणे. त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही."

"असं का? दिसायला कशा आहेत?"

"चष्मा, घट्ट अंबाडा आणि कपाळावर कायमची आठी."

"पाहिलंय तुम्ही त्यांना?"

"नाही हो. पण घाबरलेला माणूस चित्र रंगवतोच ना."

चौथ्या मजल्यावर त्यानं खुर्ची अलगद टेकवली, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला. घामानं चमकणारं कपाळ, आणि हसण्याआधीच हसून मोकळे झालेले डोळे. तो ज्या दाराची कडी वाजवायला गेला त्या दारावर सोळा आकडा होता. तिच्या फॉर्मवरही सोळाच.

तिनं शांतपणे बॅगेतून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला.

"आठी नंतर घालते," ती म्हणाली.

त्यानं जीभ चावली.

म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन सांभाळणारे मदतनीस काम कसं करतात, हे तपासणाऱ्या कार्यालयात ती नोकरी करायची. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक घरी तीन भेटी, मग गुण. गुण कमी पडले तर मदतनीस बदलला जाई. सोळा नंबरच्या घरची तपासणी तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या लेकीनं मागितली होती. लेक दूर दुसऱ्या शहरात राहायची. मदतनीसाचं रजिस्टर तिला दर आठवड्याला पाठवलं जाई, आणि त्यात तिला जागोजागी 'नाही' दिसे. आंघोळ – नाही. फेरी – नाही. बाबांकडे दुर्लक्ष होतंय, अशी तिची खात्री झाली होती.

मास्तर म्हणजे पोहणं शिकवणारे. शहरातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाण्यात ढकललं होतं. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ मात्र ठणठणीत.

"आली का गुणपत्रिका?" त्यांनी तिला पाहताच विचारलं. त्या दिवसापासून त्या घरात तिचं तेच नाव पडलं.

आंघोळीच्या वेळी ती न्हाणीघराच्या अर्ध्या लोटलेल्या दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाहायचं नव्हतं, ऐकायचं होतं. आत पाण्याचा मंद आवाज, साबणाचा वास, दारातून बाहेर येणारी कोमट वाफ...

"मास्तर, हात घालून बघा. कसंय पाणी?"

"ह्या पाण्यात मी पोरं नसती उतरवली, लंबू. गार आहे."

"आता?"

"आता बरं."

"सदरा काढू?"

"थांब."

मग बराच वेळ काहीच आवाज नाही. तो खरंच थांबला होता. किती घरं तिनं पाहिली होती – तिथं 'थांब' म्हणेपर्यंत बाह्या ओढून झालेल्या असत. तिनं सतराव्या प्रश्नावर खूण केली: स्पर्शापूर्वी परवानगी विचारली का. खूण करून झाली तरी पेन तिथंच राहिलं... जणू वाफेनं कागदाला चिकटलं होतं.

नंतर स्वयंपाकघरात त्यानं तिच्यापुढे चहा ठेवला.

"तपासणीत चहा घेत नाही आम्ही."

"लाच नाही, चहा आहे. लाच द्यायची असती तर साखर जास्त घातली असती."

तिनं कप जवळ ओढला. तो फॉर्मकडे मान तिरकी करून बघत होता. "हा शेवटचा रकाना... शेरा. त्यात काय लिहिता?"

"जे दिसतं ते."

"आणि जे आवडतं ते?"

"त्याला रकाना नाही," ती म्हणाली, आणि उगाच चष्मा पुसत बसली.

दुसरी भेट न सांगता द्यायची असते. ती गेली तेव्हा दुपार कलंडली होती, बाहेर रिमझिम होती आणि मास्तरांना डुलकी लागली होती. तो खिडकीशी त्यांच्या सदऱ्याची बटणं काढून तिथं चिकटपट्ट्या शिवत होता, म्हणजे मास्तरांना डाव्या हातानं स्वतःचा सदरा लावता येईल. सुई दातांत धरून त्यानं 'या' अशी मान हलवली. त्याच्या केसांवर खिडकीतून उडालेले तुषार होते. ते झटकावेत असं तिला वाटलं... आणि तिनं घाईघाईनं रजिस्टर उघडलं.

दोन दिवसांची संध्याकाळच्या गोळीची नोंद कोरी होती.

"गोळी दिली होती," तो म्हणाला. "लिहायची राहिली. पाकिटातल्या गोळ्या मोजून बघा, बरोबर निघतील. पण नोंद नाही, हे खरंच."

तिनं मोजल्या. बरोबर निघाल्या. तरी नियम नियमच. चार गुण जाणार.

"कापा," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

तिनं पेन टेकवलं, आणि तिचा हात अडला. क्षणभरच. पण इतक्या वर्षांत तो कधी अडला नव्हता. खाडाखोड न करता तिनं गुण कापले, छत्री उचलली आणि निघाली. रस्ताभर छत्री उघडायची तिला आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वरिष्ठ ताईंच्या टेबलापुढे उभी राहिली. "सोळा नंबरची फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

"का गं?"

"गुण कापताना माझा हात अडला."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे निरखून पाहिलं. "पण कापलेस ना?"

"कापले. पुढच्या वेळी कापीन की नाही, सांगता येत नाही."

"हं," ताई म्हणाल्या. "दे इकडे. मी पहिल्यापासून बघते. आणि निकाल लागेपर्यंत त्या जिन्याची पायरी चढायची नाही."

संध्याकाळी तिनं त्याला फोन केला. "तिसऱ्या भेटीला मी येणार नाही. आमच्या ताई येतील."

"माझं काही चुकलं?"

"हो... म्हणजे नाही. माझं."

पलीकडून हळूच, "निकाल लागेपर्यंत भेटायचं नाही, असं आहे का?"

"असंच आहे."

"आणि निकालानंतरचा नियम काय?"

"त्याबद्दल नियम नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत हसत राहिली. आईनं दोनदा हाक मारली. "कुठं असतं हल्ली लक्ष?" असं म्हणून तिसऱ्यांदा मारली नाही.

तीन आठवडे गेले. कामं होत होती, पण ढगातून चालल्यासारखी. परक्या घरांत पाण्याचा आवाज आला की तिचे कान टवकारत. मनात धास्तीही होती – तो बदलला गेला तर? ताई जाऊन आल्या, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. अहवाल निघाला, मास्तरांच्या लेकीकडे गेला, आणि मगच त्यांनी प्रत तिच्यापुढे सरकवली.

गोळीच्या नोंदीचे चार गुण ताईंनीही कापले होते. आणि शेऱ्यात लिहिलं होतं: "रजिस्टरात जिथं जिथं 'नाही' आहे, तिथं मास्तरांनी 'नको' म्हटलं होतं. इतर घरांत मला सगळीकडे 'हो' दिसतं. या घरात अजून मास्तरांचं चालतं. मदतनीस बदलू नये."

तिनं ते तीनदा वाचलं.

"लेकीचा फोन आला होता," ताई म्हणाल्या. "रडत होती. म्हणाली, बाबांना काय हवं ते विचारायचं मीच विसरले होते." मग कागद आवरत, कुठंच न बघता, "रविवारी सकाळी मास्तर आणि त्यांचा मदतनीस पोहण्याच्या तलावावर असतात. सहज सांगतेय."

रविवारी तलावावर कोवळं ऊन होतं आणि पाण्यावर धुक्याची पातळ साय. काठावर मास्तर खुर्चीत बसून डावा हात उंचावत होते, आणि उथळ पाण्यात, कमरेएवढ्या पाण्यात, लंबू दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरून उभा होता.

"अरे, दांडी सोड. तीन रविवार झाले. माझी पाच वर्षांची पोरं सोडायची."

"त्यांना जिवाची किंमत कळत नसेल, मास्तर."

मग त्याला ती दिसली, आणि त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"आज काय तपासायला आलात?" त्यानं विचारलं.

"काही नाही. आज फॉर्म आणला नाही."

"मग... शेरा?"

तिनं चपला काढल्या, काठावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं, मग तितकं गार राहिलं नाही.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे मी लिहू शकत नव्हते, म्हणून फाइल सोडली."

दांडीवरची त्याची बोटं एकेक करून सैल झाली. "मी तर जिन्यातच..." एवढं म्हणून तो थांबला. "तेव्हा चेहराही पाहिला नव्हता."

"गुणपत्रिके," मास्तर म्हणाले, "माझं ऐकत नाही तो. तू बोलाव."

तिनं हात पुढे केला. मध्ये चार पावलांचं पाणी होतं.

"ये," ती म्हणाली. आजवर ती त्याला 'तुम्ही'च म्हणत आली होती.

त्यानं दांडी सोडली.