घरातली आणखी तिघं

"मॅडम, माझ्या घरात आणखी तिघं राहतात म्हणे. जरा ओळख करून द्या की!"

टोपीवरचा बर्फ झटकत त्याने माझ्यापुढे कागद ठेवला. मिनेसोटातल्या आमच्या छोट्याशा वीज सोसायटीत जानेवारीत सहसा कुणी येत नाही. लोक फोनवरच ओरडतात.

त्याचं नाव रसेल. घरोघरी धाडलेला वीजवापराचा तो अहवाल माझ्या पहिल्यावहिल्या प्रोग्रामने काढला होता. त्यात एकट्या रसेलची वीज चार माणसांची झाली होती.

मी आलेख उघडला... आणि माझे कान तापले. बाकी सगळीकडचे मीटर तासाला एक आकडा पाठवतात. त्याच्या तळ्याकाठच्या रस्त्यावरचे नवे मीटर दर पाव तासाला, म्हणजे तासाला चार. मी प्रत्येक आकडा सरसकट अख्ख्या तासाचा धरून बेरीज केली होती. चारने भागायचं राहूनच गेलं.

"शेजारी कुणी तक्रार नाही केली?"

"ती सगळी उन्हाळ्याची घरं. हिवाळ्यात त्या रस्त्यावर मी एकटाच."

मी एक ओळ दुरुस्त केली. आकडा झर्रकन खाली आला.

"घालवलंत तिघांना!" तो हसला. "तेवढीच सोबत वाटत होती हो..."

मला हसताच येईना. माझ्या घराचाही आकडा जवळपास तेवढाच, एकट्या माणसाचा होता; प्रोग्राम आधी स्वतःच्याच घरासाठी चालवून पाहिला होता.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. कधी हीटरची शंका, कधी फ्रीजची.

"तुमचा फ्रीज ठणठणीत आहे."

"मग पुढच्या गुरुवारी पंप बघू!"

आठवडाभर मी त्या गुरुवारची वाट बघायचे, वेड्यासारखी.

मार्चमध्ये मात्र त्याने वर्षभराचा वापर मागितला. "घर विकतोय. घेणाऱ्याला दाखवायचाय. बहीण बोलावतेय ॲरिझोनाला... इथे थांबायला कारण तरी काय?"

प्रोग्रामने क्षणात आकडा काढला. मी तो तीनदा तपासला, बरोबरच होता. प्रिंटरमधून कागद आला आणि मी तो हातातच धरून राहिले.

"द्या ना."

"नाही देणार."

"अहो, माझाच आहे तो!"

"आहे. पण... जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात. नुसते गुरुवारी नाही — रोज."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बाहेरून बर्फ उपसणारी गाडी गेली.

"दोन महिने मी खोट्या शंका काढतोय," तो हळूच म्हणाला. "एवढं बोलायला इतका वेळ लावलास?"

"भीती वाटत होती."

"मलाही," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून टेबलाच्या माझ्या बाजूला येऊन बसला.