उणे वय

माझ्या बहिणीने लग्न केलं ते एका पाणबुड्याशी. बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणं हा त्याचा धंदा. आमच्या प्रयोगशाळेला समुद्रकाठच्या गुहेतून दगड काढून देणारा माणूस हवा होता, म्हणून बहिणीच्या शब्दाखातर मी त्याला कामाला लावून घेतलं. तेव्हापासून तो स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हा नुसत्या वासानेच पिवळा झाला होता.

गुहेचं काम सोपं आहे. आतल्या डोहाचं पाणी समुद्राच्या पातळीला असतं. छतातून लोंबणारे सुळके जिथे त्या पाण्याला टेकतात, तिथे पाण्यातला चुना त्यांच्याभोवती साचून पट्टा धरतो, न घासलेल्या बादलीला धरतो तसा. पाणी एकाच उंचीवर शतकानुशतकं थांबलं तर पट्टा अंगठ्याएवढा जाड होतो. त्याचं वय काढलं की समुद्र कधी कुठवर होता ते कळतं. आमच्या गुहेत असा एक पट्टा आजच्या पाण्याच्या पुरुषभर वर आहे. तो लाखभर वर्षांपूर्वीचा की अलीकडचा, हे मी नगरपालिकेला सांगायचं होतं. अलीकडचा निघाला तर खालची गल्ली टेकडीवर हलवणार होते. बहिणीचं घर त्याच गल्लीत होतं.

"दादा, वरचा पट्टा जुना नाही," मेहुणा म्हणाला. भाचीच्या तोकड्या झालेल्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेला हातभर लांबीचा दगड त्याने टेबलावर ठेवला. "तो अजून वाढतोय."

"जावईबापू, वाढायला तिथे पाणी लागतं. पाणी खाली आहे."

"तेच तर," तो म्हणाला आणि गेला.

उचलली जीभ लावली टाळ्याला! दगडाच्या सालीचा तुकडा मी यंत्राला दिला. वय आलं उणे तीनशे चाळीस वर्षं, म्हणजे तो चुना अजून तीनशे चाळीस वर्षांनी साचायचा होता. नमुन्याला घाण लागली की असं उणे वय कधीकधी येतं, आणि घाण कोणाच्या हातांची हे सांगायला नको. पुन्हा दोनदा तपासलं. आकडा हलला नाही. त्याच पट्ट्याच्या आधीच्या पाच नमुन्यांची वयं लाखाच्या वर होती. सहावा मी यादीतून काढला आणि गल्लीला धोका नाही असा अहवाल पाठवून दिला.

मग दगड करवतीखाली घातला. आत सुळका नव्हता, लाकूड होतं. नीट रंधा मारलेलं, निळ्या रंगाचं. चुन्याचं कवच अख्खं सुटून आलं. रंगावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या आणि शेजारी आकडे: चार, पाच, सहा, सात. सातची रेघ मध्येच घसरून खाली वळली होती.

मी फोन लावला. "लाकडावर चुना चढवून मला उल्लू बनवता?"

तो म्हणाला, "निळं आहे का?"

चोर आपणच सापडला. "तुम्हाला बरं ठाऊक!"

"आत अजून आहेत, दादा. दारांच्या चौकटी. आमच्या गल्लीतल्या, ओळीने."

मी फोन आपटला. अंगठाभर जाड कवच त्याने कसं चढवलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण रिकामटेकड्यांना काय, वेळच वेळ.

रविवारी भाचीचा सातवा वाढदिवस होता. त्या घरी मी चार वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. पाणबुड्याच्या रबरी कपड्यांचा वास मला सोसत नाही. पण चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडायचं होतं, म्हणून ते लाकूड पिशवीत घालून गेलो.

स्वयंपाकघराची चौकट निळी होती. चार, पाच, सहा. चौकट अखंड होती, कुठेही कापलेली नव्हती. म्हणजे नक्कल केली होती, आणि घाईत सातची रेघ आधीच ओढून बसला होता. मला हसू आलं.

"भिंगरे, ये, उंची घेऊ," बहिणीने हाक मारली. पोर एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी.

तिने टाचा चौकटीला लावल्या. बहिणीने तिच्या डोक्यावर पुस्तक टेकवलं आणि पेन्सिल ओढायला घेतली.

मेहुणा रेघेकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

भिंगरीला शिंक आली. पेन्सिल घसरली आणि रेघ खाली वळली.

"हात् तुझी! राहू दे आता तशीच," बहीण हसत म्हणाली.

मी लाकूड पिशवीतून अर्धं बाहेर काढून पाहिलं आणि परत आत ढकललं.

"अहवाल मागे घ्या, दादा," मेहुणा हळूच म्हणाला.

काय कारण लिहू? उणे तीनशे चाळीस? जन्मभर ज्यांना हसलो ते सगळे मला हसले असते. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीतही मी हाच हिशेब करत होतो.

"मामा, पुढच्या वर्षी मी कुठपर्यंत येईन?" भिंगरीने टाचा उंचावून नव्या रेघेच्या चार बोटं वर हात लावला. "इथपर्यंत?"

पिशवीतल्या लाकडावर ती जागा होती. तिथे नुसताच निळा रंग होता.